कथा कोणाच्या मालकीची?

महाविद्यालयांत जनसंज्ञापनाचे अभ्यासक्रम सुरू झाल्यापासून धर्मगुरूंच्या दारी एक नवीनच मागणी येऊ लागली आहे. पूर्वी तरुण मुले शिफारसपत्र मागावयास येत. आता ती विषय मागावयास येतात. ‘‘फादर, आम्हांला दहा मिनिटांचा लघुपट करायचा आहे. सगळं ठरलंय, फक्त विषय सुचत नाही.’’ सगळे ठरले आहे याचा अर्थ कॅमेरा कोणाचा, चित्रीकरण कोणत्या शनिवारी-रविवारी, डबे कोणाच्या घरून येणार आणि संकलन कोण करणार, हे ठरले आहे. वहीत व्यवस्थित तक्ता आखलेला असतो. त्या तक्त्याची सर्वांत वरची ओळ तेवढी कोरी असते.

वरवर पाहता ही कोरी ओळ म्हणजे कलेचा प्रश्न. परंतु ती ओळ बहुधा कोणा दुसऱ्याच्या आयुष्याने भरली जाते आणि तेथे नीतीचा प्रश्न उभा राहतो. दुसऱ्याचे दुःख मला सुचले, म्हणून ते माझे झाले काय?

प्रेरणा या शब्दाभोवती आपण फार धुके जमवून ठेवले आहे. ती अकस्मात येते, माणसाला झपाटून टाकते, अशी मुलांची समजूत असते. ती आली नाही की मुले हवालदिल होतात आणि चार परदेशी लघुपट पाहून त्यांतला एखादा प्रसंग उचलतात. सत्यजित राय यांची हकिगत या बाबतीत पाहण्याजोगी आहे. जाहिरात कंपनीच्या कामासाठी १९५० साली ते लंडनला गेले, तेथे त्यांनी व्हित्तोरिओ दे सिका यांचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ पाहिला आणि चित्रपट करावयाचा तर असाच, या निश्चयाने ते परतले, एवढेच सहसा सांगितले जाते. परंतु विभूतिभूषण बंदोपाध्याय यांच्या ‘पथेर पांचाली’च्या मुलांसाठी काढलेल्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रे राय यांनी १९४४ च्या सुमारासच काढली होती. अपू आणि दुर्गा त्यांच्या कुंचल्याखालून केव्हाच गेली होती. विषय घरीच होता. तो मांडण्याचे धैर्य त्यांना लंडनच्या चित्रपटगृहात मिळाले.

पुढे १९५२ च्या ऑक्टोबरात काशफुलांच्या शेतात चित्रीकरणाला प्रारंभ झाला. नोकरी सांभाळून करावयाचे काम, म्हणून रविवार गाठावा लागे. पुढच्या रविवारी मंडळी तेथे पोहोचली तो गुरांनी सारी फुले फस्त केलेली! उरलेल्या भागासाठी पुढच्या वर्षीच्या फुलोऱ्याची वाट पाहावी लागली. चित्रपट १९५५ साली प्रदर्शित झाला. तक्ता आखून आणणाऱ्या विद्यार्थ्यांना मी ही गोष्ट आवर्जून सांगतो. त्यांना ती मुळीच आवडत नाही, कारण त्यांचा लघुपट मार्चअखेर दाखल व्हावयाचा असतो.

विद्यार्थिदशेत केलेले जे लघुपट लोकांच्या स्मरणात राहिले, त्यांचे विषय पाहिले तर ते टीचभर वाटतात. उमेश कुलकर्णी यांनी पुण्याच्या फिल्म संस्थेत शिकत असताना २००४ साली केलेल्या ‘गिरणी’त घरात आलेली एक पिठाची गिरणी आणि एक मुलगा आहे. नागराज मंजुळे यांनी त्या वेळच्या अहमदनगरला शिकत असताना ‘पिस्तुल्या’ केला. त्यात शाळेची ओढ लागलेले एक पारधी पोर आहे. क्रिस्तोफ किश्लोव्स्की या पोलिश दिग्दर्शकाने १९६६ साली वूजच्या चित्रपटविद्यालयात असताना ‘कचेरी’ नावाचा पाच-सहा मिनिटांचा माहितीपट केला. सरकारी विमा कचेरीची एक खिडकी, बाहेर म्हाताऱ्या माणसांची रांग, आत कारकुनाचा त्रासिक आवाज आणि फायलींचे ढीग, एवढाच त्याचा ऐवज. तेथे जन्मभर काय केले ते अर्जात लिहून आणा, असे रांगेतल्या माणसांना सुनावले जाते. या मोठ्या प्रश्नासाठी त्यांना तत्त्वज्ञानाचे पुस्तक उघडावे लागले नाही. एका खिडकीपाशी पुरेसा वेळ उभे राहावे लागले.

पूर्वी हे उभे राहणे परिस्थितीच लादत असे. सोळा मिलिमीटर फिल्मची चारशे फुटांची गुंडाळी जेमतेम अकरा मिनिटे चालते. फूट न् फूट मोजून खर्च करावयाचा म्हटल्यावर कॅमेरा सुरू करण्यापूर्वी डोळ्यांनी नीट पाहून घेणे भाग होते. आज खिशातला फोन तासन् तास चित्रण करतो. गरिबाघरच्या मुलाला त्यामुळे चित्रपट करता येतो, हा मोठाच लाभ आहे. त्याविषयी नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. पण पाहण्याची सक्ती मात्र गेली. सिमोन वेल या फ्रेंच विदुषीने १९४२ साली शालेय अभ्यासाविषयी एक निबंध लिहिला. भूमितीचे एखादे प्रमेय सुटो वा न सुटो, त्यावर एकाग्र केलेले अवधान वाया जात नाही, कारण तेच अवधान पुढे प्रार्थनेत आणि दुःखी माणसाकडे पाहताना उपयोगी पडते, असा त्याचा आशय आहे. विषय शोधणाऱ्या मुलांना हा निबंध कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेआधी द्यावा असे मला वाटते.

येथवर मार्ग सोपा आहे. खरी अडचण यापुढची. अवधानाने पाहू लागल्यावर माणसे आपल्याला घरात घेतात, बोलू लागतात, आणि मग आपल्या हाती असे काही लागते की ज्याची किंमत त्यांना पुरती ठाऊक नसते.

‘बायसिकल थीव्ह्ज’ची (१९४८) एक बाजू राय यांच्या गोष्टीइतकी सांगितली जात नाही. सायकल चोरीला गेल्यामुळे नोकरी जाण्याच्या भीतीने रोमभर वणवण करणाऱ्या बापाची भूमिका लांबेर्तो माज्जोराणी या कारखान्यातील कामगाराने केली होती. चित्रपट जगभर गाजला. माज्जोराणीची कारखान्यातील नोकरी मात्र गेली. सिनेमात काम केले म्हणजे हा श्रीमंत झाला असेल, अशी तेथील समजूत. पुढे लहानसहान भूमिकांवर त्याने दिवस काढले. बेकारीचे इतके सच्चे चित्र काढणाऱ्या कलाकृतीच्या पदरात एक खराखुरा बेकार पडावा, याला काय म्हणावे? दे सिका यांना दोष देणे सोपे आहे आणि बहुधा अन्यायाचेही. मीरा नायर यांनी मुंबईच्या रस्त्यावरील मुलांना घेऊन ‘सलाम बॉम्बे’ (१९८८) केला, तेव्हा चित्रपटाच्या मिळकतीतून अशा मुलांसाठी ‘सलाम बालक ट्रस्ट’ उभा राहिला. हे ऋण ओळखणे होते. तरीही त्यातील मुख्य भूमिकेसाठी राष्ट्रीय पारितोषिक मिळालेला मुलगा मोठेपणी बंगळूरला रिक्षा चालवीत होता. रिक्षा चालविणे हलके काम आहे असे मला म्हणावयाचे नाही. ऋण मान्य केले तरी ते फिटतेच असे नाही, इतकेच.

या प्रश्नाने किश्लोव्स्की यांना जितके छळले तितके क्वचित कोणा दिग्दर्शकाला छळले असेल. ‘हौशी’ (१९७९) या त्यांच्या चित्रपटात एक साधा कामगार नवजात मुलीची चित्रे घेण्यासाठी छोटा कॅमेरा विकत घेतो. हळूहळू कॅमेरा त्याला खाऊन टाकतो. पत्नी सोडून जाते आणि त्याच्या चित्रणापायी एका भल्या सहकाऱ्याची नोकरी जाते. त्यानंतर वॉर्साच्या रेल्वेस्थानकावरील माहितीपटाचे काम चालू असताना एका रात्री पोलिसांनी किश्लोव्स्की यांचे चित्रण जप्त केले. एका मुलीने आईचा खून करून प्रेताचे तुकडे स्थानकावरील सामानाच्या कपाटांत ठेवले होते. ती चित्रणात आली असावी अशी पोलिसांना आशा होती. ती आली नव्हती. चित्रण परत मिळाले. खुनी सापडण्यात वाईट काही नाही. पण आपण भरलेल्या कॅमेऱ्याचा उपयोग कोण कशासाठी करील यावर आपला ताबा नाही, हे त्या रात्री त्यांना उमगले आणि माहितीपटांकडून ते कथापटांकडे अधिकाधिक वळले. माणसाचे खरे अश्रू टिपण्याचा आपल्याला अधिकार आहे का, अशी त्यांना धास्ती वाटे. नटाच्या अश्रूंचे तसे नव्हते. दहा आज्ञांवरचे ‘डेकॅलॉग’चे दहा चित्रपट (१९८८) कथापटच आहेत.

मोठ्या शहरात हा तोडगा चालत असेल. आपल्या गावांत तो कितपत चालतो, याचा एक अनुभव सांगतो. गाव आणि काही खुणा बदलल्या आहेत. किनाऱ्याजवळच्या एका वस्तीतील आजींचा मुलगा काही वर्षांपूर्वी होडीबरोबर गेला तो परतला नाही. दोघा विद्यार्थ्यांनी त्यावर लघुपट योजला होता. सूर्यास्त, ओसाड किनारा, पाठमोरी बसलेली आजी, दूरवर एक शीड. आजी किनाऱ्यावर बसतात का, असे मी विचारले. दोघांनाही ठाऊक नव्हते. त्यांतील मुलगी चौकशीला गेली, तेव्हा कळले की आजींनी समुद्राकडचे दारच कायमचे लावून टाकले आहे आणि त्याला टेकून जुनी पेटी ठेवली आहे. ‘‘बसलीसच तर शेंगा तरी सोल, बाय,’’ असे म्हणून त्यांनी वालाची टोपली पुढे केली.

मुलगी सहा-सात दुपारी जात राहिली. कॅमेरा पिशवीतच होता. नळाचे पाणी, सुनेचा स्वभाव, वालाचा पडलेला भाव, असे काहीबाही बोलणे होई. एका दुपारी आजींनी उठून तिला एक वस्तू दाखविली. ती कोणती हे मी येथे लिहिणार नाही. संपूर्ण लघुपट त्या एका वस्तूत होता. जगातल्या कोणत्याही माणसाला भाषेवाचून समजला असता. आणि ती पडद्यावर आली असती, तर त्या म्हातारीला एका कचेरीत जाऊन जाब द्यावा लागला असता.

‘‘पण फादर, आजींनी हो म्हटलंय,’’ मुलगी म्हणाली.

या ‘हो’विषयी थोडे बोलले पाहिजे. आपल्या गावांत दारी आलेल्याला नाही म्हणण्याची रीत नाही. पाणी विचारतो तशी माणसे संमतीही देतात. शेंगा सोलायला बसलेल्या पोरीला आजी नाही कशी म्हणणार? शिवाय त्यांनी होकार दिला तो त्या पोरीला. महाविद्यालयाच्या सभागृहात शंभर जण पाहतील, इथपर्यंत त्यांची कल्पना फार तर पोहोचली असेल. हल्ली लघुपट सभागृहात राहत नाही. तो फोनवरून फोनवर जातो आणि तो परत बोलावता येत नाही.

तिच्या सहकाऱ्याचा आक्षेप मात्र बिनतोड होता. इतका विचार केला तर कोणी काही लिहूच नये, असे तो म्हणाला. सावकाराची परवानगी घेऊन सावकारीवर कोणी कथा लिहिली आहे काय? त्याचे म्हणणे मला मान्य आहे. ज्याच्या हाती दुसऱ्याचे अन्न आहे त्याच्याकडे कॅमेरा वळविण्यासाठी त्याची अनुज्ञा लागत नाही. मागत बसणे भित्रेपणाचे ठरेल. आजींच्या हाती कोणाचेच अन्न नव्हते. मग त्याने दुसरा मार्ग काढला: नाव बदलू, आजींच्या जागी नटी घेऊ, कथापट करू. पण लावलेले दार आणि त्याला टेकलेली पेटी पडद्यावर दिसताच वस्तीतले शेंबडे पोरही ओळखणार की हे घर कोणाचे. आणि दार बदलले तरी वस्तू तीच राहणार होती.

प्रवचनकारालाही हा मोह अपरिचित नाही, हे जाता जाता सांगून टाकतो. शनिवारी सायंकाळी प्रवचनाला दृष्टान्त हवा असतो आणि आठवडाभरात ऐकलेल्या कहाण्या ओठांवर येऊ पाहतात. ‘एका गावात एक बाई होती’ अशी सुरुवात केल्याने ती बाई लपत नाही. तिसऱ्या बाकावर ती बसलेली असते.

मी मुलीला निर्णय दिला नाही. तो तिचा होता. तिने आठ दिवस घेतले आणि ती वस्तू वगळली. लघुपटात आजींचे हात, टोपली, टरफलांचा आवाज आणि सुनेविषयीची, सुनेनेही हसून ऐकावी अशी थोडी कुरकुर आहे. दार आहे, पण ते का लावले आहे हे कोणी सांगत नाही. लघुपट बेताचाच झाला. मधोमध काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते, असा परीक्षकांचा शेरा आला. तो अचूक होता. ती वस्तू आत असती तर लघुपट पारितोषिकाच्या लायकीचा झाला असता, याबद्दल मला शंका नाही, आणि मुलीलाही ते पुरते माहीत आहे. तिचा सहकारी अजून तिच्यावर रुसलेला आहे.

महाविद्यालयात दाखल करण्यापूर्वी तिने तो आजींना त्यांच्याच ओटीवर फोनवर दाखविला. त्यांनी दोनदा पाहिला. टोपलीतल्या शेंगा एवढ्या थोड्या कशा दिसतात, अशी त्यांची तक्रार होती.