आवरण आणि रंग

जुन्या नावेच्या आतील गालिचा झिजला, म्हणजे त्यावर नवा अंथरावा, की तो काढून लाकडास रंग द्यावा? हा प्रश्न सुताराचा दिसतो. परंतु वाचकहो, तो नीतीचाही आहे.

नागपुरास समुद्र नाही; तथापि १८७० साली बांधलेला अंबाझरी तलाव आहे, व तेथे लोकांनी नौकाविहार केला आहे. अशा ठिकाणच्या नावेत गालिचा भिजला, म्हणजे तो पाणी धरून ठेवितो. लाकूड कुजविणारी बुरशी ओलाव्यावरच जगते. शेकडा २० हून कमी ओलावा असलेल्या लाकडात ती सहसा वाढत नाही. म्हणून मऊ गालिचाखाली फळी कुजत जाते, आणि वर बसणारास त्याची वार्ताही नसते.

कोणी म्हणेल, रंग हेही आवरणच नव्हे काय? होय, पण दोहोंत भेद आहे. गालिचा कुजक्या फळीवरही निमूटपणे बसतो. रंग ओल्या किंवा मळकट लाकडावर दिला, तर त्याचे पोपडे सुटतात. यास्तव आधी जुना सरस खरवडावा, फळी वाळवावी, टोचून पाहावी, कुजका भाग बदलावा, आणि मगच रंग द्यावा. पाय घसरू नये म्हणून त्यात बारीक वाळू मिसळावी.

तथापि रंगाने कोणी प्रामाणिक होत नाही. लुकण भरूनही कूज लपविता येते. नाव आपली असली, तरी तीत बसणाऱ्याचा जीव आपला नव्हे. ज्याच्या भरवशावर दुसरा पाण्यात जातो, त्याने फळी उघडी करून पाहिलीच पाहिजे.