पुढं त्याचं काय झालं हो?

आमच्या इंदापुरात एखादा माणूस चार-सहा महिने नजरेस पडला नाही, की त्याच्याविषयी एक ठरावीक प्रश्न विचारला जातो : "पुढं त्याचं काय झालं हो?" विचारणाऱ्याच्या आवाजात काळजी असते. पण ही काळजी जरा उकरून पाहिली, तर खाली एक बारीकशी आशा सापडते. काहीतरी वाईट झालं असावं! 'त्याचं उत्तम चाललंय, पेन्शन वेळेवर येते, साखर – म्हणजे रक्तातली – आटोक्यात आहे,' असं सांगितलं, तर विचारणारा हिरमुसला होऊन सोलापूरच्या गाडीची चौकशी करायला निघून जातो.

सध्या हाच प्रश्न मी विचारीत बसलो आहे, आणि तोही चित्रकथांवरून निघालेल्या जुन्या सिनेमांतल्या नटांविषयी. निवृत्त मास्तराला एवढी चैन परवडते.

सुरुवात अर्थात वेताळापासून. १९६४ साली इंद्रजाल कॉमिक्स निघाली आणि १९९० पर्यंत चालली. मराठीतही निघायची. त्याआधी वेताळ म्हणजे गावाबाहेरचा शेंदूर फासलेला धोंडा; तिन्हीसांजेला त्याच्यावरून जायचं नाही, एवढंच आम्हाला ठाऊक. हा नवा वेताळ घोड्यावर बसायचा, विजारीवरून पट्ट्यापट्ट्यांची चड्डी घालायचा आणि वाईट माणसाच्या जबड्यावर ठोसा हाणून कवटीचा शिक्का उठवायचा. शिवाय तो अमर होता. म्हणजे तसा मरायचा. पण बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवायचा आणि जंगलातल्या लोकांना वाटायचं, चारशे वर्षं हा एकच गडी आहे. बापाच्या जागी मुलानं बसावं आणि लोकांना फरक कळू नये, ही पद्धत इतर क्षेत्रांतही आढळते. पण तो विषय इथं नको. मला याच भागात राहायचं आहे.

या अमर वेताळाचं काम १९४३ साली अमेरिकेतल्या पंधरा भागांच्या सिनेमात टॉम टायलरनं केलं. १९४१ मध्ये तोच कॅप्टन मार्व्हल झाला होता. तरुणपणी वजनं उचलण्यात नाव काढलेला धिप्पाड माणूस. पुढं त्याचं काय झालं? कातडी आणि सांधे आखडत नेणाऱ्या दुखण्यानं त्याला गाठलं. कामं लहान लहान होत गेली. शेवटी तो बहिणीच्या आश्रयाला गेला आणि १९५४ मध्ये, उणंपुरं पन्नास वर्षांचं आयुष्य संपवून वारला. वेताळाला काही झालं नाही. तो पुढल्या अंकात हजर!

सुपरमॅन झालेल्या ख्रिस्तोफर रीव्हचं तर जगाला ठाऊक आहे. १९७८ मध्ये तो पडद्यावर उडाला आणि १९९५ मध्ये घोड्यावरून पडून मानेखाली लुळा झाला. नंतर २००४ मध्ये मरेपर्यंत चाकाच्या खुर्चीत बसून त्यानं कण्याच्या दुखापतींवरच्या संशोधनासाठी पैसा उभा केला. सिनेमातलं उडणं तारांच्या आधारानं होतं. हे बिनतारेचं.

बॅटमॅनची गोष्ट त्यामानानं हसरी. ॲडम वेस्ट १९६६ मध्ये बॅटमॅन झाला, १९६८ मध्ये मालिका संपली, आणि त्याला दुसरं धड काम कोणी देईना. बिचारा तोच पोशाख घालून समारंभांना जाऊन आला. पुढं म्हातारपणी एका व्यंगचित्र-मालिकेतल्या महापौराला त्यानं आवाज दिला. महापौराचं नावही ॲडम वेस्ट! चित्रातून माणूस झालेला हा गृहस्थ अखेर माणसातून चित्र झाला आणि २०१७ मध्ये अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होऊन गेला.

आपल्या मुंबईनंही १९८७ मध्ये हिंदी सुपरमॅन काढला. तो होता पुनीत इस्सर. पुढल्याच वर्षी दूरदर्शनवर 'महाभारत' सुरू झालं आणि तो दुर्योधन झाला. आता आमच्या स्टँडवर विचारून पाहा. त्याचा सुपरमॅन कोणाला आठवत नाही, दुर्योधन सगळ्यांना आठवतो. जग वाचवणाऱ्यापेक्षा सुईच्या टोकावर मावेल एवढीही जमीन न सोडणारा माणूस आम्हाला जवळचा वाटतो. बांधापायी तीन-तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारे लोक आम्ही!

राहता राहिला आपला चिंटू. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये त्याला जन्म दिला. जन्मतारखेनं चाललं, तर एव्हाना तो चाळिशीला टेकला असता, घराचे हप्ते फेडत असता आणि त्याचं स्वतःचं पोरगं त्याला गृहपाठावरून फसवत असतं. पण चिंटू वाढला नाही. २०१२ मध्ये श्रीरंग गोडबोल्यांनी त्याच्यावर सिनेमा काढला, पुढल्या वर्षी दुसराही काढला. शुभंकर अत्रे नावाचा मुलगा त्यात चिंटू झाला, आणि छान झाला.

"आता त्या मुलाचं काय झालं असेल?" मी घरात मोठ्यानं म्हणालो.

"मोठा झाला असेल," आमची ही भाजी निवडता निवडता म्हणाली. "मोठं होण्याला 'काय झालं' म्हणतात होय?"

बायकोच्या बोलण्यात तत्त्वज्ञान असतं. ते भाजीबरोबर निवडून घ्यावं लागतं. खरा प्रश्न हाच आहे. चित्र वाढत नाही, तर त्याचं आपल्याला कौतुक. माणूस वाढला, सुटला, टकला झाला, तर आपण चुकचुकतो. जणू त्यानं आपल्याशी केलेला करार मोडला. तिकिटाचे पैसे आपण अडीच तासांचे दिलेले असतात. वसुली मात्र जन्मभर चालू.

हे नटांपुरतंच असतं, तर मी एवढा खोलात शिरलो नसतो. परवा बाजारात एक जुना विद्यार्थी भेटला. पाया पडला, आणि माझ्याकडं निरखून बघत म्हणाला, "सर, तुम्हाला काय झालं?" काही झालेलं नव्हतं. हातातल्या छडीऐवजी पिशवी होती आणि पिशवीत मेथी होती. त्याच्या डोक्यातला मास्तर सातवी ब च्या दारात अजून उभा होता. तो मास्तर म्हणजे माझा वेताळाचा पोशाख.

उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं, की पळसदेवचं जुनं देऊळ दिसायला लागतं. लोक म्हणतात, "देऊळ वर आलं!" देऊळ कशाला वर येतंय? ते जागच्या जागी होतं, पाणी उतरलं. भूमिकेचं पाणी उतरल्यावर दिसतो तो माणूसही आधीपासून तिथंच असतो.

आमच्या लहानपणी सुगीला बहुरूपी यायचा. एक दिवस फौजदार होऊन घराघरात वॉरंट बजावायचा, दुसऱ्या दिवशी मारुती होऊन पोरांना पळवायचा. त्या दिवसांत त्याला कोणी काही देत नसे. शेवटच्या दिवशी तो रंग धुऊन, मळक्या धोतरात दाराशी यायचा, आणि आई सूपभर जोंधळे त्या वेळी त्याच्या झोळीत घालायची. बिदागी फौजदाराला नव्हती, मारुतीलाही नव्हती. आणि जोंधळे घालता घालता ती त्याला विचारायची, "घरी पोरंबाळं बरी हायेत ना?"