थंडी फक्त उघडं पाडते

डिसेंबरातल्या पहाटे तारकर्लीला वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत असतो. मच्छीमार त्याला मतलई म्हणतात. माडांच्या झावळ्यांवरून दहिवर ठिबकत असतं आणि न्याहारी-निवासांच्या अंगणात, रात्री घाट उतरून आलेल्या गाड्या ओल्याचिंब उभ्या असतात. पुण्याची, कोल्हापूरची, बेळगावची मंडळी सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी गाठायला नाहीतर देवबागचा संगम बघायला निघतात, सेल्फ मारतात, आणि मीटरमध्ये एखादा दिवा लागतो तो विझतच नाही. "थंडीमुळे असेल, जाईल आपोआप," असं म्हणून बरेच जण तसेच पुढे जातात.

थंडीचा वाटा त्यात असतो, पण थोडाच. इथे पारा फार तर १८-२० अंशांपर्यंत उतरतो. लेहमध्ये किंवा कॅनडात राहणाऱ्या आपल्या माणसांच्या गाड्या उणे २० अंशांतही सुरू होतात. धडधाकट गाडीला तारकर्लीचा गारवा जाणवतही नाही. एवढ्यानेही जी कुरकुरते, तिच्यात काहीतरी आधीपासून थकलेलं असतं. थंडी ते फक्त उघडं पाडते. ही एक गोष्ट मनाशी पक्की असली की दिव्याची भीतीही वाटत नाही आणि त्याच्याकडे दुर्लक्षही होत नाही.

बॅटरीचंच बघा. शिसं आणि गंधकाम्लाची ही बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये बनवली, आणि तिचा मूळ स्वभाव आजही तोच आहे. गारव्यात तिच्यातली रासायनिक क्रिया मंदावते. त्याच वेळी इंजिनातलं ऑइल दाट झालेलं असतं, त्यामुळे इंजिन फिरवायला जास्त करंट लागतो. पण तिचं आयुष्य खरं खाल्लेलं असतं एप्रिल-मेच्या उष्म्याने. उन्हाळ्यात झिजलेली बॅटरी हिवाळ्यातल्या पहाटे कमी पडते. सेल्फ मारताना व्होल्टेज एकदम खाली येतं आणि एबीएस, स्टिअरिंग, एअरबॅग असे तीन-चार दिवे एकदम लागतात. एवढं सगळं एका रात्रीत बिघडत नसतं. पुष्कळ दिवे एकाच वेळी लागले, तर आधी बॅटरीकडे बघावं.

बोनेट उघडून टर्मिनल नीट निरखावं. त्यावर पांढरा, हिरवट-निळसर भुगा साचलेला दिसेल. बॅटरीतल्या आम्लाच्या वाफेने तो धरतो, आणि किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत टर्मिनल आणखी लवकर गंजतात. टर्मिनल बोटांनी हलवून पाहावं. हललं तर ते सैल आहे. गाडी बंद ठेवून आधी ऋण बाजूची तार सोडवावी, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने भुगा घासावा. फेस येतो आणि खालचं शिसं उजळतं. कोरडं करून घट्ट आवळावं, वरून व्हॅसलिनचा हात फिरवावा, आणि ऋण तार सर्वांत शेवटी लावावी. कित्येक गाड्यांचं दुखणं इथेच संपतं. मात्र इंजिन सुरू झाल्यावरही बॅटरीचा लाल दिवा जळतच राहिला, तर चार्जिंग होत नाही असं समजावं. अशा वेळी नवी बॅटरी घेऊन उपयोग नाही, आधी अल्टरनेटर आणि त्याचा बेल्ट तपासायला हवा.

दुसरा नेहमीचा दिवा टायरच्या हवेचा: घोड्याच्या नालासारखी आकृती आणि मध्ये उद्गारचिन्ह. तापमान ५-६ अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण १ पीएसआयने कमी भरते. दुपारी लांबून धावत आलेल्या गरम टायरमध्ये पंपावर ३२ हवा मारून घेतली, तर पहाटे ती त्याहून चार-पाचने कमी दिसू शकते. म्हणून हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजावी. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरचा आकडा थंड टायरचाच असतो. चारही टायर सारखेच उतरले असतील तर तो गारव्याचा परिणाम. एकच उतरला असेल तर त्यात खिळा शोधावा.

डिझेल गाडीत पिवळी गुंडाळलेल्या तारेसारखी खूण दिसते, ती ग्लो प्लगची. ती विझेपर्यंत थांबून मग सेल्फ मारावा. चालत्या गाडीत ती लुकलुकू लागली तर गॅरेज गाठावं. निळ्या थर्मामीटरची खूण इंजिन अजून थंड आहे एवढंच सांगते. पिवळा इंजिनचा दिवा स्थिर असेल तर सावकाश जाऊन स्कॅनर लावून घ्यावा. लुकलुकत असेल तर वेग कमी करून गाडी बाजूला घ्यावी, कारण न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं. हा दिवा लागण्याचं कोकणातलं एक कारण फार साधं आहे. गार रात्री उंदीर उबेला इंजिनापाशी येतात आणि वायरी कुरतडतात. ऑइलच्या लाल दिव्यापुढे मात्र कोणतीही सबब नको. इंजिन त्याच क्षणी बंद करायचं.

मालवण बंदरावर ३ नंबरचा बावटा चढला की होड्या किनाऱ्याला ओढल्या जातात. बावट्याने वादळ आणलं, असं कुणी म्हणत नाही, आणि बावटा उतरवला म्हणून समुद्र शांत होईल, असंही कुणी मानत नाही. मीटरमधल्या दिव्याशी मात्र आपण नेमकं असंच वागतो. स्कॅनरने बिघाडाचा कोड पुसून दिवा घालवायचा आणि गाडी दुरुस्त झाली असं मानायचं. जुनी गाडी विकताना काही जण तर दिव्याची जोडणीच काढून टाकतात. म्हणून चावी अर्धी फिरवून क्षणभर थांबण्याची सवय मला फार मोलाची वाटते. बटणाची गाडी असेल तर क्लच-ब्रेकवर पाय न ठेवता बटण दाबायचं. त्या क्षणी बहुतेक सगळे दिवे स्वतःची तपासणी म्हणून लागतात, आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतात. जो विझला नाही त्याची चौकशी करावी. आणि एअरबॅग, ऑइल, इंजिन यांपैकी जो मुळात लागलाच नाही, त्याची जास्त चौकशी करावी.

परतीच्या वाटेवर घाट असतोच. आंबोलीचा, फोंड्याचा, नाहीतर करूळचा. पायथ्याच्या एखाद्या वळणावर ब्रेकचा लाल दिवा क्षणभर लागून विझतो, तेव्हा टाकीतलं ब्रेक ऑइल उतरलेलं असण्याची, लायनर झिजलेले असण्याची शक्यता मोठी. मागे आई-वडील डोळे मिटून बसलेले असतात, मुलं झोपलेली असतात. त्यांना मीटर दिसत नाही. तो दिवा गाडीत एकट्या चालवणाऱ्याला दिसतो. म्हणून घाटाच्या पायथ्याशी गाडी बाजूला घेऊन, "थांबा, दिवा लागलाय, बघून घेऊ," असं मोठ्याने सांगणं हे त्याचं काम आहे, आणि उशीर झाला म्हणून ते टाळण्याचा हक्क त्याला नाही.