यजमानाची खात्री

पावसाच्या दोन-तीन जोरदार सरी होऊन गेल्या, की खारघर-बेलापूरकडील मैदानांत आणि बागांच्या हिरवळीवर एका रात्रीत पांढऱ्या छत्र्या उभ्या राहतात. सिडकोची स्थापनाच १९७० सालची. नव्या मुंबईतील वडीलधारी माणसे बहुधा दुसरीकडून येऊन येथे स्थायिक झालेली. त्यांतील एखाद्या कोकणच्या गृहस्थास त्या छत्र्या पाहून गावाकडील वारुळावरची अळंबी आठवते आणि ‘ही तर आमच्याकडचीच’ असे तो सहज बोलून जातो. त्याच सायंकाळी घरी पाहुणे यावयाचे असले, म्हणजे एक नाजूक प्रश्न उभा राहतो. केवळ आपल्या खात्रीच्या बळावर दुसऱ्यास जेवू घालण्याचा अधिकार मनुष्यास केव्हा प्राप्त होतो?

त्या गृहस्थाचे स्मरण खोटे नसते. जागा मात्र बदललेली असते. वारुळावरच्या अळंबीचा लांब देठ जमिनीखाली वाळवीच्या घरट्यापर्यंत पोहोचलेला असतो. वाळवीवाचून ती उगवावयाची नाही. हिरवळीवरील छत्री क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस या जातीची असू शकते. उष्ण प्रदेशांत ही जाती जगभर आढळते. कोवळेपणी तिच्या टोपीखालची पाती पांढरी असतात, म्हणूनच ती फसवते. पुढे तीच हिरवट होतात. खाणाऱ्यास काही तासांतच ओकाऱ्या व जुलाब सुरू होतात. किड्यांनी खाल्लेले भूछत्र निर्विष, अथवा शिजवताना चांदीचे नाणे काळे पडले नाही म्हणजे भय नाही, या घरगुती परीक्षा निखालस खोट्या आहेत. (मला तर त्या मनाची समजूत घालण्याच्या युक्त्याच वाटतात.) त्यांहून बरी परीक्षा अशी: देठ कापून टोपी पांढऱ्या कागदावर, पाती खाली येतील अशी ठेवावी व तिच्यावर वाटी झाकावी. सकाळपर्यंत बीजाणूंचा ठसा उमटतो. हिरवट ठसा स्पष्ट नकार देतो. पांढरा ठसा मात्र होकार देत नाही. कारण प्राणघातक अमानिता भूछत्रांचाही ठसा पांढराच असतो.

क्लिफर्ड या इंग्रज तत्त्वज्ञाने १८७७ साली एका जहाजमालकाचा दृष्टान्त दिला. आपल्या जुन्या जहाजाविषयीच्या शंका दाबून टाकून तो ते प्रवाशांसह समुद्रात सोडतो आणि ते बुडते. क्लिफर्डचे म्हणणे असे, की जहाज सुखरूप परतले असते तरी मालक तितकाच दोषी ठरता. हा निवाडा कठोर खरा. पण स्वयंपाकघरात तो मला पटतो. पाहुणे ठणठणीत राहिले एवढ्याने यजमान निर्दोष होत नाही.

यावर कोणी चुंदाचे उदाहरण देईल. पावा येथील या लोहाराने वाढलेले सूकरमद्दव हे बुद्धाचे अखेरचे भोजन ठरले. त्या शब्दाचा अर्थ डुकराचे मांस की भूछत्र, याविषयी मतभेद आहेत. चुंदास पश्चात्ताप होऊ नये म्हणून त्याचे समाधान करावे, असे बुद्धाने आनंदास सांगितले. परंतु चुंदाने कोणतीही शंका दडपली नव्हती. शिवाय ते समाधान भोजन करणाऱ्याने दिलेले आहे. वाढणाऱ्याने ते आगाऊ गृहीत धरावयाचे नसते.

पावसाळ्यात डोंगराकडील आदिवासी बायका बाजारात अळंबी विकावयास आणतात. त्यांची खात्री आमच्या गृहस्थाच्या खात्रीहून निराळी असते. वर्षानुवर्षे पाहिलेल्या त्या त्या वारुळापुरती ती असते. त्याने आणलेली टोपी वाटीखाली ठेवून पाहुण्यांस बटाट्याची भाजी वाढली, तर ते जरा हसतील. सकाळी तो कागद उजेडात धरील, त्या वेळी ते आपापल्या घरी सुखाने झोपलेले असतील.