प्रश्न विचारणे पाप आहे काय?



घरभेटीला गेलो की चहाचा कप खाली ठेवता ठेवता कुणीतरी आवाज बारीक करून म्हणते, “फादर, असं विचारू नये, पण...” आणि मग खरा प्रश्न येतो. देव सर्वशक्तिमान आहे, तर आमच्या लेकराला हा आजार का? ओस्तीमध्ये ख्रिस्त आहे म्हणजे नेमके काय? आमच्या शेजारचे बौद्ध काका इतके भले आहेत, ते तारले जातील की नाही? प्रश्न घरागणिक वेगळे असतात. ‘विचारू नये’ हे दोन शब्द मात्र सगळीकडे सारखे. आज त्या दोन शब्दांचाच विचार करू या.

हे ‘विचारू नये’ आले कोठून? लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण पुस्तकातून शिकलो. त्यात प्रश्नही छापलेला होता आणि उत्तरही. प्रश्न कुणाला पडावा लागत नसे. आम्ही त्या पद्धतीला नावे ठेवत नाही. पाढेही तसेच पाठ करावे लागतात. पण पाढे पाठ झाल्यावर शाळा थांबत नाही. धर्मशिक्षण मात्र दृढीकरण संस्काराच्या दिवशी, नवे कपडे आणि फोटो यांसह, बहुतेकांचे थांबते.

आपण सदरची मंडळी सकाळी सेमिनरी हिल्सवर फिरायला जातो. त्या भागाला ज्या संत चार्ल्स सेमिनरीवरून नाव पडले, तिथे भावी धर्मगुरू अनेक वर्षे अभ्यास करतात. कोणत्याही सेमिनरीत आधी तत्त्वज्ञान आणि मग ईशज्ञान असा क्रम असतो. तत्त्वज्ञानात देव नाही असे म्हणणाऱ्यांचे युक्तिवादही शिकावे लागतात, आणि शिक्षक चांगला असेल तर ते विपर्यास न करता मांडून दाखवावे लागतात. टेकडीवर जो अभ्यास आहे, तो टेकडीखाली पाप कसा होईल?

हे काही आजच्या काळाचे फॅड नव्हे. तेराव्या शतकातल्या संत थॉमस अक्वायनस यांचा मुख्य ग्रंथ उघडून पाहा. ‘देव आहे काय?’ या प्रश्नाला ते हात घालतात, तेव्हा आधी विरुद्ध बाजूचे मुद्दे येतात. त्यांतला पहिलाच मुद्दा असा, की जगात वाईट आहे, म्हणून अनंत चांगला देव असू शकत नाही. आपल्या आया जे बारीक आवाजात विचारतात, ते ख्रिस्तसभेच्या या थोर पंडिताने पहिल्या क्रमांकावर लिहून ठेवले आहे. श्रद्धेविषयी लिहितानाही ते संत ऑगस्टीनचा आधार घेऊन सांगतात, की श्रद्धा ठेवणारा मनाने होकार देतो खरा, पण त्याचा विचार थांबलेला नसतो. आपल्याच मराठीत फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ‘क्रिस्तपुराण’ छापले. सुमारे ११ हजार ओव्यांच्या त्या ग्रंथात पाद्री गुरू सांगत असतात आणि श्रोते मध्येच थांबवून शंका विचारतात. गुरू रागावत नाही, उत्तर देतो.

मग शंका आणि अविश्वास एकच का? नाही. इंग्लंडचे संत जॉन हेन्री न्यूमन, ज्यांना २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे यांनी ख्रिस्तसभेचे पंडित म्हणून घोषित केले, ते हा फरक फार नेमका करतात. गणित सुटत नाही म्हणून विद्यार्थी वैतागतो, पण त्याला उत्तरच नाही असे काही तो म्हणत नाही. १९९२ चा कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथही आपोआप मनात येणारी शंका आणि जाणूनबुजून जोपासलेली शंका यांना वेगवेगळे ठेवतो.

जाणूनबुजून जोपासलेली शंका कशी असते, हे संत लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात दिसते. गब्रिएल दूत जखऱ्याला बातमी देतो आणि मरियेलाही. दोघेही प्रश्न विचारतात. जखऱ्याची वाचा जाते, मरियेला उत्तर मिळते. वरवर पाहता हा अन्याय वाटतो. पण जखऱ्याला मान्य करण्याआधी खात्री हवी आहे. मरिया हे घडेल असे धरून चालते आणि कसे घडेल ते विचारते. आमच्याकडेही दोन्ही प्रकारचे प्रश्न येतात. एखाद्याला दहा वर्षांपूर्वीच मिस्साला येणे सोडायचे होते. ‘ख्रिस्तसभेच्या इतिहासात काय काय झाले’ हे त्याला नंतर सापडते. अशा वेळी आम्ही हळूच विचारतो, बाबा, उत्तर मिळाले तर येशील का?

आता कुणी म्हणेल, आमच्या आजीने जन्मभर जपमाळेपलीकडे काही वाचले नाही, तिची श्रद्धा काय उणी होती? मुळीच नाही. सर्वांनी सारखेच खोलात शिरले पाहिजे असे ख्रिस्तसभेने कधी म्हटले नाही. पण आजी जपमाळेवर रोज तास घालवत होती. तिच्याजवळ जेवढी समज होती तेवढी सगळी तिने देवापुढे ठेवली होती. आपण गृहकर्जाचे कागद ओळ न् ओळ वाचतो, डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळीचे दुष्परिणाम मोबाइलवर शोधतो, मुलाच्या प्रवेशासाठी चार जणांचा सल्ला घेतो. आणि दर रविवारी उभे राहून जो विश्वास मोठ्याने प्रकट करतो, त्यातल्या एका ओळीचा अर्थ चाळीस वर्षांत कुणाला विचारत नाही. याला आजीची साधी श्रद्धा म्हणणे हा आजीचा अपमान आहे.

न विचारलेले प्रश्न कुठे जातही नाहीत. ते मेडिकलच्या वॉर्डाबाहेर, रात्री दोन वाजता, भेटतात. तिथे बाकावर बसलेली आई जेव्हा म्हणते, “फादर, आमचं काय चुकलं?”, तेव्हा तिच्या दुःखात आणखी एक दुःख मिसळलेले असते: चांगल्यांचे चांगले होते आणि चुकणाऱ्याला देव शिक्षा करतो, हे बालपणीचे गणित. मुलाला शिस्त लावायला ते पुरले असेल. या बाकावर ते क्रूर आहे. आणि नातलग काय म्हणतात? ‘देवाची मर्जी.’ ‘देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात.’ प्रेमानेच म्हणतात, पण आम्हांला ते ऐकवत नाही.

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी नेमका त्या आईचाच प्रश्न येशूला विचारला होता: पाप कुणाचे, याचे की आईबापांचे? संत योहान सांगतो, की प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. ईयोबाचे पुस्तक तर त्याहून धीट आहे. ईयोब अध्यायामागून अध्याय देवाला जाब विचारतो. त्याचे मित्र देवाची बाजू घेऊन त्याला गप्प करू पाहतात. शेवटी देव ईयोबालाही खडसावतो, पण रागावतो तो त्या मित्रांवर, आणि आपल्याविषयी नीट बोलला तो ईयोबच, असे सांगतो. देवाच्या वतीने घाईने उत्तरे देणाऱ्यांनी (यात आम्ही धर्मगुरूही आलो) हा शेवट पुन्हा पुन्हा वाचावा. ईयोबाला ‘का’चे उत्तर मिळत नाही. पण ज्याला तो विचारत होता, तो भेटतो.

आपल्या महामंदिराचे आश्रयदाते संत फ्रान्सिस द सेल्स यांच्याही वाट्याला हे आले होते. १५८६ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, पॅरिसमध्ये शिकत असताना, देवाने आपल्याला नरकासाठीच नेमले असेल तर, या विचाराने त्यांना घेरले. कित्येक आठवडे अन्न गेले, झोप गेली. एका चर्चमध्ये पवित्र मरियेच्या मूर्तीपुढे त्यांनी मन मोकळे केले: पुढच्या जन्मात नाही तर नाही, निदान या आयुष्यात तरी मला तुझ्यावर प्रेम करू दे. तिथे ती काळरात्र सरली. पण त्यांनी प्रश्न बासनात गुंडाळला नाही. पुढे पादुआला कायद्याच्या पदवीसोबत ते ईशज्ञान शिकले, आणि देवाच्या पूर्वनियोजनाविषयी पुस्तके पालथी घालून अभ्यास केला. १५९४ पासून शाब्ले प्रांतात, लोक प्रवचनाला येईनात तेव्हा, त्यांनी शंकांची उत्तरे कागदांवर लिहून दारांखालून आत सरकवली. हातातले हे रविवारचे पत्रक त्याच कुळातले.

तेव्हा ‘विचारू नये’ हे शब्द गाळून प्रश्न लिहा आणि मिस्सानंतर आमच्याकडे द्या. नाव घातले नाही तरी चालेल. शेजारच्या बौद्ध काकांचा प्रश्न पुढच्या रविवारी घेऊ. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६४ मध्ये ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात त्याबद्दल जे म्हटले आहे, ते वाचून पुष्कळांना आश्चर्य वाटेल, असा आमचा अंदाज आहे.