सोन्याची अंगठी आणि शाळेचा दरवाजा



बंगळूरच्या चिकपेट-नगरथपेट परिसरात सराफी पेढ्यांच्या मागे सोन्या-चांदीची आटणी चालते. या कामात सांगली जिल्ह्यातील दुष्काळी खानापूर-आटपाडी भागातून गेलेले आपले मराठी गलाई बांधव आहेत. त्यांच्या लेकरांना घरी मराठी, रस्त्यावर कन्नड आणि ज्या शाळेची आस, तेथे इंग्रजी. त्या शाळेची फी पेढीच्या मालकाला परवडते, कारागिराला नाही.

याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय उघडावा. सभेत सोन्याची अंगठी घातलेल्या मनुष्याला मानाची जागा मिळते. मळक्या वस्त्रांतील दरिद्र्याला उभे ठेवले जाते. याकोब या पक्षपाताला पाप म्हणतो. ती अंगठी ज्याने भट्टीपाशी बसून शुद्ध केली, त्याचे लेकरू आज कोठे उभे आहे?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित खाजगी शाळांना प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी ठेवण्यास सांगितले. कर्नाटकाने २०१९ मध्ये नियम बदलला : परिसरात सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर खाजगी शाळा मोकळी. महाराष्ट्राने २०२४ मध्ये तोच मार्ग धरला. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत तो नियम रद्द केला. (जवळच सरकारी शाळा आहे ना, असे म्हणणाऱ्यांची स्वतःची मुले तेथे क्वचितच दिसतात.)

परंतु शासनाकडे बोट दाखवून आपली सुटका नाही. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रमति प्रकरणात अल्पसंख्याकांच्या सर्व शाळांना या कायद्यातून वगळले. १ सप्टेंबर २०२५ रोजी त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने त्या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून प्रश्न सरन्यायाधीशांपुढे ठेवला. संविधानाच्या ३० व्या कलमाचे संरक्षण मोलाचे आहे; ते जपलेच पाहिजे. पण न्यायालयाने मोकळे केले म्हणून प्रभूनेही मोकळे केले काय?

१८४१ मध्ये पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेने एका माळ्याच्या मुलाला, जोतीराव फुले यांना, आत घेतले. कोणत्याही कायद्याने तिला तसे सांगितले नव्हते. १८८२ मध्ये त्याच जोतीरावांनी हंटर आयोगापुढे मांडले की, शेतकऱ्याच्या कष्टातून भरलेला पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि त्याचे स्वतःचे मूल निरक्षर राहते.

येत्या वर्षी आपल्या शाळांच्या कार्यकारी मंडळांपुढे पहिलीच्या प्रवेशाचा विषय येईल. अशा लेकरांसाठी काही बाके राखावयाची, तर फीची भरपाई शासन देणार नाही. ती मंडळ्यांच्या दानातूनच उभी करावी लागेल. तो हिशेब मांडणाऱ्यांत आपल्यापैकीच काही बंधुभगिनी बसलेले असतील.