वाढईबुवांची आठवण

सातपुड्याच्या पायथ्याशी, तेल्हारा तालुक्यातल्या हिवरखेडसारख्या गावात मोठं झालेल्या प्रत्येकाला एक वाढई आठवत असेल. सुताराला आपल्या वऱ्हाडात वाढईच म्हणतात. मृगाच्या आधी त्याच्या दारात वखर, डवरे, तिफणींची रांग लागे. बाभळीचं लाकूड नुसतं ठोकून पाहत तो ते आतून किडलंय का सांगे.

खरी गंमत बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना. लोखंडी धाव चाकापेक्षा जराशी लहान ठेवायची. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल झाली की फुगते. तेवढ्यात लाकडावर बसवून वरून पाणी ओतायचं. आवळताना ती सगळे आरे तुंब्यात घट्ट दाबते. एवढं विज्ञान, पण शाळेत कुणी शिकवलं नव्हतं!

मजुरी खळ्यावर, ज्वारीत. पीक बुडालं की त्याचंही बलुतं बुडे. तरी पोरांच्या वह्या यायच्या, लेकीची बिदाई व्हायची. स्वतःच्या घराचं दार मात्र वर्षानुवर्षं करकरत राही. सवड कुठे होती?

हातातलं काम न सोडणारा असा वाढई आठवला की संत सावता महाराज आठवतात. अरणचे सावता महाराज मळा आणि संसार सोडून पंढरीला गेले नाहीत, असं वारकरी सांगतात. आजही त्यांच्या भेटीला पांडुरंगाची पालखी पंढरपूरहून अरणला जाते.

आता ट्रॅक्टर आले, पेरणीयंत्रं आली. पण तुमच्या गोठ्याच्या कोपऱ्यात जुनी तिफण उभी असेल, तर सरपणात टाकण्याआधी ती कुणी घडवली, ते घरातल्या म्हाताऱ्यांना आज विचारून घ्या.